सोळा बुश आणि वाड्याचा रस्ता

गाडीत रबराचे बुश असतात हे बहुतेकांना ते फाटल्यावरच कळतं. इंजिनाबद्दल सगळे बोलतात, टायरबद्दल तर चहाच्या टपरीवरही तज्ज्ञ भेटतात, पण बुश? मुठीएवढा काळा तुकडा, खाली कुठेतरी चिखलात लपलेला. बाहेर एक लोखंडी नळी, आत एक छोटी नळी आणि दोन्हींच्या मध्ये घट्ट चिकटवलेलं रबर. बस्स. आतल्या नळीतून बोल्ट जातो, बाहेरची नळी सस्पेन्शनच्या दांड्यात दाबून बसवलेली असते. चाक वर-खाली झालं की इथे काहीच कशावर घासत नाही, मधलं रबर फक्त पिळलं जातं आणि परत जागेवर येतं. ना ग्रीस, ना आवाज. गॅरेजवाले त्याला सायलेंट ब्लॉक म्हणतात ते उगाच नाही.

तर मंडळी, या वीकेंडचा विषय बुश. ज्यांना गाड्यांमध्ये रस नाही त्यांनी लगेच पळू नये, पुढे थोडं सॉफ्टवेअरही येणार आहे :-)

आधी पार्श्वभूमी. मी शिकलो मेकॅनिकल आणि काम करतो आयटीत. म्हणजे आपल्याकडच्या निम्म्या मेकॅनिकलवाल्यांसारखाच. घर भिवंडीत. गेल्या वर्षी मी एक सेकंडहँड जिम्नी घेतली. मारुतीने ही गाडी भारतात जून २०२३ मध्ये आणली, पाच दारांची. मित्रांनी विचारलं, कशाला रे एवढुशी गाडी, डिकीत दोन बॅगा मावत नाहीत. कारण सोपं होतं. आजी वाड्याच्या पुढच्या एका गावात राहते. शेवटचा दीड-दोन किलोमीटर रस्ता पावसाळ्यात रस्ता राहत नाही, एक ओढा आणि त्यानंतर लाल चिखलाचा चढ. आजीच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, दर दोन-अडीच महिन्यांनी तिला तपासणीसाठी भिवंडीला आणावं लागतं. भिवंडीत येऊन कायमची राहा म्हटलं की ती म्हणते, "तुमच्या त्या मागांच्या खटखटीत माझा जीव गुदमरतो." विषय संपला.

आधीच्या मालकाने गाडी बरीच रानावनात फिरवली असावी. घेतल्यावर थोड्याच दिवसांत ब्रेक मारला की पुढून 'कट्ट' असा आवाज यायला लागला. खाली वाकून टॉर्च मारून पाहिलं तर पुढच्या दोन्ही आर्मच्या चेसिसकडच्या टोकाचे बुश फाटलेले. रबरात बोटाचं नख जाईल एवढी भेग. बदलायचे होतेच. प्रश्न एवढाच होता, काय बसवायचं?

इथे माझा एक मित्र आला. ऑफरोडिंगचं वेड असलेला. त्याचं म्हणणं, रबर काढून टाक आणि सगळीकडे फ्लेक्स जॉइंट बसव. फ्लेक्स जॉइंट म्हणजे काय, तर बुशच्या जागी एक पोलादी गोळा. गोळ्याच्या भोवती कडक प्लॅस्टिकच्या दोन वाट्या, बाहेर जाड हाउसिंग, आणि ग्रीस भरायला निपल. आपला खांदा कसा खोबणीत फिरतो, तसा हा गोळा सगळ्या दिशांना फिरतो. अमेरिकेतल्या करी एंटरप्रायझेस या कंपनीचा जॉनी जॉइंट हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध, तो तीसेक अंशांपर्यंत आरामात तिरपा होतो. झिजला की उघडून आतल्या वाट्या बदलता येतात. मित्राच्या भाषेत, "एकदा बसव आणि बघ, गाडी मांजरासारखी चालेल. एक चाक दगडावर, दुसरं खड्ड्यात, तरी चारही जमिनीला."

ऐकायला फारच छान. आणि त्याच्या स्वतःच्या गाडीवर ते खरंही आहे. पण माझ्या डोक्यात एक किडा वळवळत होता. जिम्नीचं सस्पेन्शन त्याच्या गाडीसारखं नाहीये.

जिम्नीला पुढे आणि मागे दोन्हीकडे आडवा अखंड ॲक्सल आहे आणि त्याला कॉइल स्प्रिंग. ॲक्सल जागेवर धरून ठेवायला दोन बाजूंना दोन लांब आर्म, शिवाय ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा लॅटरल रॉड. कंपनी याला थ्री-लिंक म्हणते. यातली मेख अशी की प्रत्येक आर्म ॲक्सलला एका नाही, दोन बुशांनी जोडलेला असतो, एक ॲक्सलच्या पुढे, एक मागे. दुसऱ्या टोकाला चेसिसवर एक बुश. म्हणजे एका आर्मला तीन बुश, चार आर्मचे बारा, आणि दोन लॅटरल रॉडचे चार. एकूण सोळा. अशी रचना नवी नाही, १९७० च्या पहिल्या रेंज रोव्हरलाही पुढे असेच आर्म होते.

आता जरा डोळ्यांसमोर चित्र आणा. आर्म ॲक्सलला दोन ठिकाणी पकडलेला आहे, म्हणजे तो ॲक्सलशी जवळजवळ एकजीव झाला. डावा आणि उजवा, दोन्ही. मग ॲक्सल आणि दोन आर्म मिळून एक मोठा 'यू' आकाराचा तुकडा झाला, आणि तो चेसिसला फक्त दोन टोकांना टांगलेला आहे. दोन बिंदूंना टांगलेली वस्तू कशी हलेल? आपल्या घराच्या दारासारखी. दार दोन बिजागऱ्यांवर उघडतं आणि बंद होतं. पण दाराचा एक कोपरा वर आणि दुसरा खाली, असं तिरपं करून बघा बरं! एक तर दार मोडेल नाहीतर चौकट.

आणि ऑफरोडला नेमकं तेच तिरपं होणं हवं असतं. एक चाक वर, दुसरं खाली.

मग जिम्नी तिरपी होते तरी कशी? अहो, रबरामुळे! ॲक्सलकडचे ते चार बुश दबतात, थोडे इकडे, थोडे तिकडे, आणि तेवढ्या फटीत ॲक्सल तिरपा होऊन घेतो. कागदावर जी हालचाल शक्यच नाही ती हे रबर गपचूप करू देतं. आता या बाराही जागी पोलादी गोळे बसवले तर? गोळा फिरेल कितीही, पण दबणार नाही. म्हणजे ज्याचं नावच फ्लेक्स, तो बसवल्यावर ॲक्सल पूर्वीपेक्षा जास्त आखडणार. उरलेला ताण मग जाणार ॲक्सलच्या नळीत, आर्ममध्ये आणि वेल्डिंगच्या ब्रॅकेटमध्ये.

हे मला पटलं, पण मित्राला पटेना. फोनवर अर्धा तास वाद. खुर्मी-गुप्तांच्या 'थिअरी ऑफ मशीन्स'मधलं डिग्री ऑफ फ्रीडम मोजायचं प्रकरण काढून पाहिलं, पण त्याने वाद मिटत नसतात. म्हणून शनिवारी दुपारी मी एक मॉडेलच बनवलं. केरसुणीचा जुना दांडा म्हणजे ॲक्सल. शाळेतल्या दोन लाकडी फूटपट्ट्या म्हणजे आर्म. प्लायवूडचा तुकडा म्हणजे चेसिस. दांड्याला पत्र्याचे ब्रॅकेट ठोकले आणि प्रत्येक पट्टी दोन बोल्टांनी त्यावर आवळली, दुसरं टोक प्लायवर.

पहिला प्रयोग, सगळी भोकं बोल्टच्या बरोबर मापाची, फटच नाही. दांडा वर-खाली मस्त हलतो. तिरपा करायला गेलो तर पट्ट्या पिळवटल्या आणि प्लायच उचललं गेलं. दुसरा प्रयोग, भोकं मोठी केली आणि बोल्टाभोवती सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले. दांडा लगेच तिरपा! तिसरा, ॲक्सलकडे बोल्ट घट्ट आणि ट्यूब फक्त चेसिसच्या टोकाला. जेमतेम हलला. चौथा, ॲक्सलकडे ट्यूब आणि चेसिसच्या टोकाला चावीची रिंग, म्हणजे गोळ्याच्या ऐवजी. हा सगळ्यात मोकळा तिरपा झाला. पण दांड्यावर समोरून टिचकी मारली की ती थेट प्लायमध्ये ऐकू यायची, टक्. ट्यूब होती तेव्हा हा आवाज नव्हता.

बाबा शेजारी पेपर वाचत बसले होते. बाबा आयुष्यभर यंत्रमागावर जॉबर होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस, भिवंडीत त्याला डॉक्टरइतकाच मान. त्यांनी पेपर खाली केला.

"काय चाललंय रे?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी दांडा हातात घेऊन दोनदा हलवून पाहिला.

"धोटा मिनिटाला शंभरावर वेळा इकडून तिकडे जातो. त्याला मारायला आणि थांबवायला पूर्वी चामड्याचा पिकर असायचा. का माहितीये?"

"लोखंडाने धोटा फुटेल म्हणून?"

"धोटा फुटेल, नाहीतर दांडी तुटेल, नाहीतर पेटी हलेल. धक्का कुठेतरी जाणारच ना. तो कुठे जिरवायचा हे आपण ठरवायचं. आपण नाही ठरवलं तर माग ठरवतो."

आणि परत पेपर. मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, राव.

हे वाक्य मला सोमवारी ऑफिसमध्ये पुन्हा आठवलं. आमच्याकडे दोन सिस्टिम्सच्या मध्ये एक जुनाट स्क्रिप्ट आहे. इकडून येणारी फाइल वाचते, तारीख कुठल्याही फॉरमॅटमध्ये असली तरी समजून घेते, रिकामा कॉलम आला तर पुढे ढकलते. दिसायला गलिच्छ. तिच्या जागी एक कडक, स्वच्छ इंटरफेस आणायचा प्रस्ताव आहे, जो नियमात न बसणारी प्रत्येक फाइल परत पाठवेल. कडक इंटरफेस चांगलाच असतो. पण दोन्ही बाजूच्या सिस्टिम्स एकमेकींशी नीट जुळत नाहीत, हे आजवर त्या स्क्रिप्टनेच झाकून ठेवलं होतं. १९८० मध्ये जॉन पोस्टेल यांनी टीसीपीच्या नियमावलीत जे तत्त्व मांडलं त्याचा मथितार्थ हाच, स्वतः पाठवताना काटेकोर राहा आणि दुसऱ्याकडून घेताना सैल राहा. इंटरनेट त्यावर उभं राहिलं. त्या तत्त्वावर टीकाही बरीच होते, की या सैलपणामुळे चुका वर्षानुवर्षं लपून राहतात. तेही बरोबरच. रबरही चुका लपवतं, आणि एक दिवस फाटतं. म्हणून मीटिंगमध्ये मी एवढंच म्हटलं की स्क्रिप्ट काढण्याआधी ती रोज काय काय सहन करते त्याची यादी करूया. यादी सध्या दोन पानांवर गेलीये. असो.

परत गाडीकडे. मित्राची गाडी वेगळी का? त्याने एका जुन्या जीपची पाटे असलेली रचना काढून फोर-लिंक बसवलंय. चार वेगवेगळे दांडे, प्रत्येकाला दोनच टोकं, ॲक्सलला एक आणि चेसिसला एक. तिथे कुठलाच दांडा ॲक्सलशी एकजीव होत नाही. त्या रचनेत तिरपं होणं मुळातच शक्य आहे, रबर उलट अडवतं. गोळा बसवला की अडथळा गेला, ॲक्सल मोकळा. तिथे फ्लेक्स जॉइंट अगदी योग्य. जॉइंटला खडखड आहे, दर काही दिवसांनी ग्रीस मारावं लागतं, धूळ-चिखल आत गेला तर वाट्या झिजतात. पण ती गाडी तो टेम्पोवर टाकून खासगी जागेतल्या ट्रॅकवर नेतो आणि टेम्पोवरच परत आणतो. त्याच्या गाडीला वाड्याचा रस्ता माहीतच नाही.

यात कायद्याचाही भाग आहे आणि तो आपल्याकडे कोणी मनावर घेत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत फेरफार करण्याबद्दल आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल होईल असे फेरफार करता येणार नाहीत. रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीच्या सस्पेन्शनला हात लावण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांना विचारलेलं बरं. उद्या काही झालं आणि विमावाला खाली वाकून बघायला लागला तर गोळे त्याला दिसणारच.

तरी माझ्यासमोर एक मधला पर्याय उरला होता, माझ्याच मॉडेलचा चौथा प्रयोग. ॲक्सलकडे रबर तसंच ठेवायचं आणि फाटलेल्या दोन जागी, चेसिसच्या टोकाला, गोळे बसवायचे. खरं सांगतो, मोह झाला. ओढ्यानंतरच्या चढावर थोडा तरी फायदा झाला असता.

मग मी हिशोब मांडला. आमच्या घरापासून आजीच्या दारापर्यंत सगळा प्रवास बघा. नदीनाका, शेलार, अनगाव, दुगाड फाटा, अंबाडी, कुडूस, वाडा. ज्यांनी या रस्त्याने पावसाळ्यात प्रवास केलाय त्यांना वर्णनाची गरज नाही, ज्यांनी केला नाही त्यांना सांगून पटणार नाही. गोदामांचे कंटेनर, त्यांनी पाडलेले खड्डे आणि खड्ड्यांच्या त्या धारदार कडा. चाक अशा कडेवर आदळतं तेव्हा धक्का नुसता खालून वर येत नाही, समोरून मागेही येतो. वर येणारा धक्का स्प्रिंग आणि शॉकअप घेतात. मागे जाणारा धक्का घ्यायला स्प्रिंग नसते. तो आर्ममधून सरळ चेसिसकडे जातो, आणि वाटेत त्याला अडवायला चेसिसकडच्या टोकाला एकच गोष्ट महत्त्वाची असते. तो बुश. तिथे गोळा बसवला तर टिचकी थेट प्लायमध्ये. आणि प्लायवर आजी बसलेली असणार, खुब्यात धातूचा सांधा घेऊन.

उलट बाजूला तो चढ, दोन किलोमीटरचा. तिथे एक चाक हवेत गेलंच तर जिम्नीची ब्रेक एलएसडी ते मोकळं फिरणारं चाक ब्रेक लावून धरते आणि ताकद दुसऱ्या चाकाकडे वळवते. लो गिअर टाकला की गाडी हळूहळू चढते. देखणं दिसत नाही, पण चढते. गेल्या पावसाळ्यात प्रत्येक वेळी चढली.

पन्नास-साठ किलोमीटर आजीचा खुबा एका बाजूला आणि दोन किलोमीटर मांजराची चाल दुसऱ्या बाजूला. निर्णय झाला, कंपनीचे नवे रबरी बुश.

बसवायला गेलो ते कल्याण नाक्याच्या बाजूला, जिथे ट्रकचं काम करणारे मिस्त्री आहेत. आमचे चाचा ट्रकच्या पाट्यांचे बुश काढण्यात हयात घालवलेले. हायड्रॉलिक प्रेसवर जुने बुश पाच मिनिटांत बाहेर. मी त्यांना फ्लेक्स जॉइंटचे फोटो मोबाइलवर दाखवले. चष्मा वर करून त्यांनी नीट पाहिलं आणि म्हणाले, "अच्छी चीज है. मगर बेटा, ये घूमता है, दबता नहीं. रबर दबता है, जादा घूमता नहीं. तेरे को क्या मंगता है वो बोल." माझ्या दोन आठवड्यांच्या अभ्यासाचा सारांश, चहा संपायच्या आत.

तुमच्यापैकी कोणी बुश बदलणार असेल तर तीन गोष्टी. एक, काही बुशांच्या रबरात मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या असतात, त्या कुठल्या दिशेला आहेत ते जुना काढण्याआधी आर्मवर खूण करून ठेवा आणि नवा तसाच बसवा. दोन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी जमिनीवर चारही चाकांवर उभी असताना. जॅकवर चाकं लटकत असताना आवळला तर रबर त्याच अवस्थेत पकडलं जातं, मग गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. तीन, कोणी पॉलियुरेथेनचे बुश सुचवले तर आधी आपल्या गाडीची रचना बघा. ते टिकतात, पण रबरापेक्षा कडक असतात, आणि जिथे दबणं हेच काम आहे तिथे कडकपणा हा गुण नाही.

मित्र अजूनही मला "रबरवाला" म्हणतो. म्हणू दे. पुढच्या महिन्यात त्याच्या ट्रॅकवर जाणार आहे मी, त्याच्या गाडीत बसायला. ती मांजरासारखीच चालते, त्यात वाद नाही.

गेल्या रविवारी आजीला घेऊन आलो. पाऊस होता, अंबाडीच्या अलीकडे नेहमीचा ट्रॅफिक, खड्डेही नेहमीचेच. आरशात पाहिलं तर मान एका बाजूला कलंडलेली, तोंड किंचित उघडं. बाबांनी मागे वळून बघितलं आणि हळूच रेडिओ बंद केला. कुडूसपासून ती झोपली होती.